नव्या एअर पिस्तुलाची साइट: आधी ग्रुप, मग स्क्रू

साइट म्हणजे नेम धरायच्या पिस्तुलावरच्या दोन खुणा: पुढे नळीच्या टोकाकडे एक उभी पट्टी आणि मागे एक खाच. नवं पिस्तूल घेतलेले बरेच जण पहिल्याच दिवशी मागच्या साइटचा स्क्रू फिरवायला घेतात. एक शॉट डावीकडे गेला की दोन क्लिक (स्क्रूचे टप्पे) उजवीकडे, पुढचा उजवीकडे गेला की एक क्लिक परत. तासाभराने साइट मुळात कुठे होती हे कुणालाच सांगता येत नाही, आणि शॉट पसरलेले ते पसरलेलेच. साइट एका शॉटवरून लावायची नसते, ग्रुपवरून, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या शॉटच्या पुंजक्यावरून लावायची असते. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

हा लेख १० मीटर एअर पिस्तूल नव्याने हातात घेतलेल्यांसाठी आहे. मनू भाकरने २८ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात कांस्यपदक जिंकलं, आणि त्याआधीच्या वर्षी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या गोव्यात झाल्या. त्यामुळे पेडण्यापासून काणकोणापर्यंत मुलामुलींना नेमबाजीला घालावं म्हणणारे पालक आता भेटतात. पिस्तूल घेण्याबद्दल त्यांना बरंच सांगितलं जातं, साइटबद्दल मात्र ‘सर लावून देतील’ एवढंच. सरांनी जरूर लावून द्यावी. पण त्यांनी नेमकं काय केलं हे आपल्याला कळलं पाहिजे, कारण पुढे स्पर्धेत लेनवर, म्हणजे नेम मारायच्या जागेवर, आपण एकटेच असतो.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यायचा. दारूगोळ्यावर चालणाऱ्या पिस्तुलाची किंवा रिव्हॉल्व्हरची गोष्ट पूर्ण वेगळी. त्याला जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतो, आणि शस्त्र कायदा १९५९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीलाही स्वतंत्र परवाना लागतो. तशा पिस्तुलाची साइट बहुधा खाचेत घट्ट ठोकून बसवलेली असते. ती घरी हातोडी-पंच घेऊन सरकवायची नाही, परवानाधारक दुकानातल्या कारागिराकडेच न्यायची.

स्क्रूला हात लावण्याआधी

पिस्तुलात पेलेट (छर्रा) नाही हे डोळ्यांनी पाहा. नुसती आठवण पुरत नाही. लोडिंगचं झाकण उघडं ठेवा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. साइटचे भाग काढायचे असतील तर हवेचा सिलिंडर आधी उतरवून बाजूला ठेवा. त्यात साधारण २०० बार दाब असतो. सिलिंडरवर बनावटीची तारीख कोरलेली असते तीही एकदा बघून घ्या. बहुतेक मॅच पिस्तुलांच्या, म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलांच्या, सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते आणि स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही. जुनं पिस्तूल विकत घेणाऱ्याने तर किमतीची घासाघीस करण्याआधी ही तारीख बघावी.

साइट लावायचं काम रेंजवरच करा. अंगणात, काजूच्या झाडाला टार्गेट लावून अजिबात नको. चिऱ्याच्या भिंतीवर आपटलेला पेलेट उलटा येतो, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याचं पोर कधी येऊन उभं राहील सांगता येत नाही. रेंजवरही डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

खोक्यात कारखान्याचं एक टार्गेट येतं. मॅच पिस्तूल असेल तर त्यावर पाच शॉट जवळजवळ एकाच भोकात गेलेले दिसतात. ते बघून पुष्कळांना वाटतं की साइट कारखान्यातूनच लावून आली आहे. तसं नसतं. ते शॉट पिस्तूल शिकंज्यात आवळून मारलेले असतात. नळी चांगली आहे एवढाच दाखला त्यातून मिळतो. तुमच्या हाताला, तुमच्या डोळ्याला आणि तुम्ही नेम जिथे धरता त्या जागेला साजेशी साइट कारखाना लावू शकत नाही.

आकडे, जे डोक्यात बसायलाच हवेत

१० मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यापुढचं प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा ८ मिलिमीटर बाहेर असतं. सातपासून आतला भाग काळा, त्याचा व्यास ५९.५ मिलिमीटर. हे लक्षात असलं की पट्टी नसतानाही शॉट किती सरकवायचा याचा अंदाज येतो: एक वर्तुळ म्हणजे ८ मिलिमीटर.

आता दुसरा आकडा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर मॅच पिस्तुलावर ३४० मिलिमीटरच्या आसपास असतं. तुमच्या पिस्तुलावर ते पट्टीने मोजून वहीत लिहून ठेवा. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे १०,००० मिलिमीटरवर. भागाकार केला तर साधारण २९ येतात. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर जरी बाजूला गेली तरी शॉट टार्गेटवर २९ मिलिमीटर सरकतो, म्हणजे साडेतीन वर्तुळं. उलट साइट एकमेकींशी अचूक जुळलेल्या आहेत आणि आख्खा हात एक मिलिमीटर हलला, तर शॉट एकच मिलिमीटर हलतो.

या दोन वाक्यांवर नव्या नेमबाजाने थोडा वेळ थांबावं. हात हलतो म्हणून घाबरून जाणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. हात सगळ्यांचाच हलतो. आणि हात स्थिर करण्याच्या नादात नजर टार्गेटवर गेली की पुढची साइट खाचेत कुठे आहे ते दिसेनासं होतं, आणि नुकसान तिथे होतं. नजर पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर हवी. टार्गेट धूसर दिसलं तर दिसू दे, ते तसंच दिसायला हवं.

नेम कुठे धरायचा ते आधी ठरवा

पुढची साइट काळी, टार्गेटचा मधला भागही काळा. काळ्यावर काळं धरलं की साइटची वरची कड हरवते. म्हणून एअर पिस्तुलात नेम काळ्या गोलाच्या मध्यावर न धरता खाली, पांढऱ्या भागात धरतात. काही जण साइट काळ्या गोलाच्या अगदी खालच्या कडेला टेकवतात. मी नवख्यांना तसं सांगत नाही. साइट आणि काळा गोल टेकले आहेत की नाहीत, केवढी फट आहे, हे न्याहाळण्यात सेकंद जातात आणि ट्रिगर अडकून राहतो. मध्ये पांढऱ्याचा मोकळा पट्टा सोडा, काळ्या गोलाच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश. थोडं वरखाली झालं तरी चालतं.

हिशेब करून बघा. काळ्याचा अर्धा व्यास जवळजवळ ३० मिलिमीटर, त्याखाली सोडलेला पट्टा २० मिलिमीटर. म्हणजे नेम जिथे धरला त्याच्या ५० मिलिमीटर वर शॉट लागला पाहिजे, तरच दहा. ज्या पिस्तुलाची साइट कडेला टेकवून धरणाऱ्यासाठी लावली आहे, त्याने तुम्ही पांढऱ्यात नेम धरलात तर शॉट २० मिलिमीटर खाली लागेल. पिस्तूल बिघडलेलं नाही, ते सांगितलेलं ऐकतं आहे. म्हणून धरायची जागा आधी पक्की करायची आणि मग उंचीचा स्क्रू. ही जागा दर आठवड्याला बदलणाऱ्याची साइट कधीच लागत नाही.

खाचेची रुंदी

बहुतेक मॅच पिस्तुलांवर मागच्या साइटची खाच रुंद-अरुंद करता येते. पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन फटी दिसतात. त्या सारख्या असल्या म्हणजे साइट मध्यावर. सुरुवातीला प्रत्येक फट पुढच्या साइटच्या दिसणाऱ्या रुंदीच्या निम्मी ठेवा. अरुंद खाच दिसायला नेटकी वाटते, पण उजेड जरा कमी झाला की फटी मिटतात आणि डोळा ताणला जातो. पावसाळ्यात आभाळ भरून आलेलं असताना, रेंजच्या मागच्या भागात अंधारून येतं तेव्हा हे लगेच जाणवतं. तेव्हा खाच थोडी उघडायला संकोच करू नका.

खरं काम

पहिल्या दिवशी स्क्रू फिरवायचाच नाही. पाचसात शॉट अंग मोकळं करायला मारा आणि ते मोजू नका. मग कोऱ्या टार्गेटवर दहा शॉट. एकच नेम, एकच पकड, एकाच डबीतले पेलेट. मध्ये एखादा शॉट वाकडा सुटला हे तुम्हाला स्वतःलाच ट्रिगर ओढताना कळलं असेल तर त्याच्यावर खूण करा, पण टार्गेट बदलू नका. थोडं थांबा, पाणी प्या, आणि नव्या टार्गेटवर आणखी दहा.

आता मध्य काढायचा. सोपी पद्धत अशी: पेन्सिलीने एक उभी रेघ ओढा, जिच्या डावीकडे पाच भोकं आणि उजवीकडे पाच. मग एक आडवी रेघ, वर पाच आणि खाली पाच. दोन रेघा जिथे छेदतात तो ग्रुपचा मध्य. यात एखादा दूर गेलेला शॉट मध्याला आपल्याकडे ओढत नाही, म्हणून नवख्यांसाठी ही पद्धत मला सरासरी काढण्यापेक्षा बरी वाटते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर पडद्याचा फोटो घेऊन त्यावर हेच करता येतं.

दोन्ही टार्गेटांचे मध्य जवळजवळ एकाच जागी आले, तरच साइट हलवायची. पहिल्याचा मध्य डावीकडे सातात आणि दुसऱ्याचा वर आठात, असं असेल तर दोष साइटचा नाही आणि कुठलाही स्क्रू तो काढू शकत नाही. पकड बघा, उभं राहणं बघा. उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट खाली-डावीकडे लांबट पसरत असतील तर बहुधा ट्रिगर झटक्याने ओढला जातो आहे. तिथे साइट वर-उजवीकडे लावली, तर ज्या दिवशी ट्रिगर नीट सुटेल त्या दिवशी शॉट वर-उजवीकडे जाईल, आणि चांगला शॉट मारल्याची शिक्षा मिळेल. प्रशिक्षकांना तुमच्या पिस्तुलाने पाच शॉट मारायला सांगा. त्यांचा मध्य तुमच्यापासून थोडा वेगळा येणारच, कारण हात वेगळा, डोळा वेगळा. पण फरक खूप मोठा असेल तर कुठे शोधायचं ते कळतं.

मध्य दोनदा एकाच जागी आला, म्हणजे आता स्क्रू. नियम एकच: मागची साइट तिकडे सरकवायची, जिकडे शॉट न्यायचा आहे. शॉट उजवीकडे हवा तर मागची साइट उजवीकडे, वर हवा तर मागची साइट वर. पुढच्या साइटचं याच्या बरोबर उलट.

स्क्रूवरच्या अक्षरांनी मात्र नवखे हमखास फसतात. युरोपातल्या पिस्तुलांवर एच, टी, एल, आर अशी जर्मन अक्षरं असतात: एच म्हणजे वर, टी खाली, एल डावीकडे, आर उजवीकडे. काही कंपन्यांचा अर्थ असा, की शॉट वर लागत असेल तर एचकडे फिरवा, म्हणजे तो खाली येईल. काहींचा अर्थ नेमका उलटा, शॉट वर न्यायचा असेल तर तिकडे फिरवा. मॅन्युअलमध्ये बघा, आणि तरीही स्वतः तपासा. मोजून दहा क्लिक एका दिशेला द्या, पुन्हा दहा शॉट मारा, मध्य काढा. मध्य कुठे आणि किती सरकला हे पट्टीने मोजा. समजा २० मिलिमीटर उजवीकडे सरकला. मग एक क्लिक म्हणजे २ मिलिमीटर, आणि ही दिशा उजवीकडची. हे कागदावर लिहून पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. वर्षभर उपयोगी पडेल.

त्यानंतर सगळं साध्या भागाकाराचं. मध्य १४ मिलिमीटर डावीकडे आहे? सात क्लिक उजवीकडे. आधी डावं-उजवं पूर्ण करा, मग वर-खाली. दोन्ही एकदम फिरवलं आणि काही चुकलं तर कशामुळे ते सापडत नाही. स्क्रू उलट दिशेने फिरवताना थोडा ढिलेपणा असतो, पहिला क्लिक कधी कधी वाया जातो. म्हणून ठरलेल्या जागेच्या दोन क्लिक पुढे जाऊन परत त्या जागी यायचं, दरवेळी एकाच बाजूने. बदल केल्यावर पुन्हा दहा शॉट मारल्याशिवाय पुढचा बदल नाही.

शेवटचे दोन-तीन मिलिमीटर नवख्याने सोडून द्यावेत. ज्याचा ग्रुप अजून सातापर्यंत पसरतो, त्याला एका क्लिकचा फरक दिसूच शकत नाही.

साइट बदलायची वेळ

यावर माझं मत ठाम आहे: पहिल्या काही महिन्यांत साइट विकत घेऊन बदलू नका. खाच उघडणं, स्क्रू लावणं, एवढ्याने भागतं. बदलायची खरी कारणं दोनच. एक, स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही शॉट हव्या त्या जागी येत नाही. दोन, पुढची साइट तुमच्या डोळ्याला फार रुंद किंवा फार बारीक आहे.

रुंदीचा हिशेब असा. हात लांब केल्यावर पुढची साइट डोळ्यापासून साधारण एक मीटरवर येते. टार्गेटचा काळा गोल त्याच अंतरावर आणून मोजला तर जवळपास ६ मिलिमीटरचा भरेल. बाजारात मिळणाऱ्या पुढच्या साइट बहुधा ४, ४.५ आणि ५ मिलिमीटरच्या असतात, म्हणजे काळ्यापेक्षा थोड्या बारीक दिसतात. ४.५ पासून सुरुवात करावी. चाळिशीनंतर नेमबाजी सुरू करणाऱ्यांना रुंद साइट सोपी जाते. पण त्यांनी साइटवर खर्च करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं आणि ‘मला साधारण एक मीटरवरची कड स्पष्ट दिसायला हवी’ असं सांगून नेमबाजीच्या चष्म्याचा नंबर काढून घ्यावा. वाचायच्या चष्म्याने हे काम होत नाही. दुसरा डोळा मिटू नका, त्याच्यापुढे झापड लावा. नियमाप्रमाणे ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

उंचीसाठी पुढची साइट बदलायची असेल तर किती उंच हवी ते आधी काढता येतं. शॉट जितका सरकवायचा तो आकडा दोन साइटमधल्या अंतराने गुणायचा आणि १०,००० ने भागायचा. शॉट ३० मिलिमीटर वर न्यायचा, अंतर ३४० मिलिमीटर, उत्तर साधारण एक मिलिमीटर. तेवढी बुटकी पुढची साइट हवी. उंच लावलीत तर शॉट आणखी खाली जातील.

बदलताना पिस्तूल पांढऱ्या टॉवेलवर ठेवा. हे स्क्रू इतके बारीक असतात की लादीवर पडले तर मिळत नाहीत. कंपनीने दिलेलीच ॲलन की वापरा. सैल बसणाऱ्या चावीने स्क्रूचं डोकं गोल झालं तर पुढचा खर्च साइटपेक्षा मोठा. काढण्याआधी फोटो घ्या. मागची साइट काढणार असाल तर दोन्ही स्क्रू एका टोकापर्यंत किती क्लिक जातात ते मोजून लिहा, म्हणजे परत त्याच जागी आणता येईल. स्क्रू बोटांच्या जोरानेच आवळा. चिकटवायचे पदार्थ लावू नका. नवी साइट बसली की वरची सगळी पायरी पुन्हा पहिल्यापासून, दहा शॉटपासून.

चमक आणि गंज

साइटची कड चकाकली की डोळा फसतो. उजेड एका बाजूने आला तर साइटची ती कड उजळते, डोळा उरलेल्या काळ्या भागालाच साइट समजतो, आणि आख्खा ग्रुप सरकतो. अशा वेळी स्क्रू नका फिरवू, चमक घालवा. नेमबाजीच्या दुकानात साइट काळी करायचा स्प्रे मिळतो. जुने नेमबाज कापराची काजळी धरत, तीही छान मॅट काळी येते. पण त्यासाठी साइटचा तुकडा पिस्तुलापासून काढून, सिलिंडर दुसऱ्या खोलीत ठेवूनच करायचं. दाबाखालच्या हवेजवळ ज्योत नको. साइटला प्लास्टिकचा भाग असेल तर हा प्रयोग करूच नका.

गोव्यात राहायचं म्हणजे खाऱ्या हवेशी आणि चार महिन्यांच्या दमटपणाशी जमवून घ्यायचं. साइटचे स्क्रू, त्यांच्या आतल्या बारीक स्प्रिंगा, या सगळ्यांत आधी गंजतात. आणि गंजलेली स्प्रिंग क्लिक खाते: तुम्ही चार मोजता, साइट तीनच सरकते. महिन्यातून एकदा स्क्रूवर तेलाचा एक थेंब, जास्तीचं लगेच पुसून काढायचं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्यांचा रंग बदलला की नव्या घाला. पेटीतला फोम ओला झाला तर पिस्तूल त्यात ठेवू नका, आधी तो सुकवा. पावसात स्कूटरवरून आलात तर पिस्तूल पेटीतून काढून पुसा, मगच पेटी परत बंद करा. मे महिन्यात बंद गाडीत भरलेला सिलिंडर ठेवून बाजारात जाऊ नका.

पाऊस संपून रेंजवरचा उजेड बदलला, चष्म्याचा नंबर बदलला, ग्रिप (मूठ) तासून घेतली किंवा पेलेटची नवी बॅच उघडली, की दहा-दहाची दोन टार्गेटं पुन्हा मारायची. मध्य तिथेच असेल तर स्क्रूला हात लावायचा नाही. सरकला असेल तर झाकणाच्या आतला कागद बघून तेवढेच क्लिक, आणि शेजारी त्या दिवसाची तारीख.